चूक कुणाच्या नावावर? स्वायत्त शस्त्रांचा एक आढावा

जालना जिल्ह्यात ड्रोन दोन वाटांनी आला. पहिली वाट शेताची. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले, आणि पाठीवर पंप घेऊन कपाशी फवारणाऱ्या हसनाबाद-भोकरदन पट्ट्यातही या यंत्राची चर्चा पोचली. दुसरी वाट भीतीची. २०२४ च्या जून-जुलैमध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या गावांवर रात्रीच्या वेळी ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. चोर टेहळणी करतात, अशी आवई उठली आणि माणसे रात्री जागू लागली. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे पाटील मुक्कामी असलेल्या घरावरही ड्रोन घिरट्या घालतो, अशी तक्रार झाली आणि विषय विधिमंडळात गेला. गावकऱ्यांचा प्रश्न साधा होता. हे यंत्र कुणाचे आणि ते कुणाच्या सांगण्यावरून आले?

रणांगणावर आज हाच प्रश्न जीवघेणा झाला आहे. स्वायत्त शस्त्रांवर बोलताना आपल्याकडे लगेच बंड करून उठलेले यंत्रमानव आठवतात. तो सिनेमाचा विषय झाला. खरा धोका वेगळा आणि जास्त जवळचा आहे. युद्धात आजवर जी चूक झाली, तिच्यामागे कुणाचे तरी नाव होते. ते नाव पुसून टाकणारी शस्त्रे आता तयार होत आहेत, आणि त्यांपैकी काही आपल्या महाराष्ट्रात.

स्वायत्त म्हणायचे कशाला

आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीची व्याख्या सर्वांत सुटसुटीत आहे. माणसाने एकदा चालू केल्यावर जे शस्त्र लक्ष्य स्वतः निवडते आणि त्यावर स्वतः मारा करते, ते स्वायत्त. नेमके कोण मरणार, कुठे आणि कधी, हे चालू करणाऱ्याला ठाऊक नसते. या कसोटीवर ड्रोन म्हणजे आपोआप स्वायत्त शस्त्र ठरत नाही. दूर बसलेला जवान पडद्यावर पाहून बटण दाबत असेल तर निर्णय माणसाचाच राहतो.

याच कसोटीवर भूसुरुंग हे सर्वांत जुने आणि सर्वांत मठ्ठ स्वायत्त शस्त्र ठरते. पाय सैनिकाचा की गुराख्याचा, हे त्याला कळत नाही. युद्धनौकांवरची फॅलँक्स तोफ १९८० पासून येणारी क्षेपणास्त्रे आपोआप टिपते, कारण तेवढ्या सेकंदांत माणसाचा हात चालत नाही. इस्रायलचे हार्पी आकाशात घिरट्या घालत शत्रूच्या रडारच्या लहरी हुडकते आणि त्या रडारवर जाऊन आदळते. ते १९८० च्या दशकात घडवले गेले. भारताकडेही ते आहे, आणि त्याचा पुढचा अवतार हारोपही. म्हणजे स्वायत्तता नवी नाही. नवे हे की पूर्वी अशी शस्त्रे क्षेपणास्त्र किंवा रडार ओळखत. आता कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या जोरावर ती वाहन, घर आणि माणूस ओळखल्याचा दावा करतात.

आसईच्या तोफा

नाव मागे राहण्याचे महत्त्व समजण्यासाठी जालना जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. त्याआधी दोनच दिवस वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी बदनापूरला बसून बेत आखला होता. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची दाणादाण उडवली. गोलंदाज तोफांशेजारी उभे राहून लढले. त्यांच्यापैकी काही मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची पलटण पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा पुन्हा वळवल्या. इंग्रजांकडचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ जण झाले. अखेरीस ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या.

या लढाईत इंग्रजांचे सर्वांत मोठे नुकसान एका चुकीमुळे झाले. उजव्या बगलेचा अधिकारी विल्यम ऑरॉक आपली तुकडी थेट आसई गावाच्या रोखाने घेऊन गेला. पाठोपाठ गेलेली ७४ वी पलटण गावातल्या तोफा-बंदुकांच्या माऱ्यात कापली गेली. आज सव्वादोनशे वर्षांनंतरही ती चूक कुणाची, कुठल्या वळणावर झाली आणि वरिष्ठांनी तिच्याबद्दल काय लिहिले, हे कागदावर आहे. युद्धाचे कायदे, लष्करी न्यायालये, चौकशी समित्या हा सारा डोलारा याच एका गृहीतावर उभा आहे. हुकूम देणारा आणि पाळणारा माणूस सापडतो, हे ते गृहीत.

बडगामचे बारा सेकंद

अलीकडची घटना महाराष्ट्राच्या काळजाला लागलेली आहे. बालाकोटच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, नौशेराच्या आकाशात भारत आणि पाकिस्तानची विमाने समोरासमोर असताना श्रीनगरच्या तळावरून सुटलेल्या स्पायडर क्षेपणास्त्राने बडगामजवळ आपल्याच हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. क्षेपणास्त्र सुटल्यापासून ते आदळेपर्यंत अवघे बारा सेकंद गेले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक ठार झाला. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते.

आपले विमान आणि शत्रूचे विमान ओळखू देणारी यंत्रणा हेलिकॉप्टरवर बंद होती आणि तळावरच्या लोकांमध्ये ताळमेळ नव्हता, असे चौकशीत पुढे आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, हे जाहीरपणे मान्य केले. अधिकाऱ्यांवर कोर्ट मार्शल चालले.

या घटनेचा दाखला दोन्ही बाजूंना देता येतो. यंत्राचे समर्थक म्हणतील, माणूस घाबरला, गोंधळला, यंत्र गोंधळले नसते. पण यंत्राला तरी काय दिसले असते? युद्धाचा दिवस, ओळख न देणारे विमान, कमी वेग, तळाच्या दिशेने येणारी वाट. त्यानेही बहुधा क्षेपणास्त्र सोडलेच असते. फरक नंतरचा. बडगामनंतर चौकशी कुणाची करायची, हे ठाऊक होते. मार्च २०२२ मध्ये आपले ब्राह्मोस चुकून सुटून पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडले, तेव्हाही ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले. सॉफ्टवेअरला बडतर्फ कसे करणार?

माणूस बरोबर, यंत्र चूक. यंत्र बरोबर, माणूस चूक

हा वाद एकतर्फी नाही, हे दाखवणाऱ्या दोन घटना शेजारी ठेवायला हव्यात. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत इशारा यंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रे निघाल्याचे दाखवले. पहाऱ्यावर स्तानिस्लाव पेत्रोव्ह हा अधिकारी होता. अमेरिका हल्ला करेल तर मोजून पाच क्षेपणास्त्रांनी कशाला करेल, असा विचार करून त्याने तो इशारा खोटा ठरवला. तो बरोबर निघाला. पाच वर्षांनी, ३ जुलै १९८८ रोजी, अमेरिकेच्या व्हिन्सेन्स युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले आणि २९० माणसे मेली. विमान वर चढते आहे, असे नौकेची संगणक यंत्रणा बरोबर दाखवत होती. ते खाली झेपावते आहे, असे माणसांनी ताणाखाली वाचले.

म्हणून 'माणूस ठेवला की सुरक्षित' हे सूत्र पुरेसे नाही. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेने ब्रिटनचे टॉर्नेडो आणि अमेरिकेचेच एफ-१८ पाडले. तीन जण गेले. तिथेही माणसे हजर होती. पण ती यंत्राच्या निकालावर विसंबून होती. पडद्यावर 'शत्रू' असे उमटले की त्याला छेद द्यायला धाडस लागते, आणि वेळही लागतो.

गाझात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडल्याचे +९७२ या इस्रायली नियतकालिकाने एप्रिल २०२४ मध्ये लिहिले. त्यांच्या वृत्तानुसार 'लॅव्हेंडर' या यंत्रणेने संशयित म्हणून सुमारे ३७ हजार नावे काढली, आणि एकेका नावाला मंजुरी देताना अधिकारी वीस-एक सेकंद घालवत. इस्रायली सैन्याने हा आरोप नाकारला आणि ही फक्त माहिती ताडून पाहण्याची सोय आहे, असे सांगितले. वृत्त अर्धे जरी खरे धरले तरी कायद्याच्या भाषेत माणूस हजर होता आणि प्रत्यक्षात तो फक्त शिक्का मारत होता.

माणूस बाजूला का पडतो

कुठलाही सेनापती सकाळी उठून यंत्राच्या हाती निर्णय द्यायचे ठरवत नाही. तो एकेका अडचणीपोटी त्याच्या हातातून सरकतो. युक्रेनचे युद्ध याचा चालता-बोलता पुरावा आहे. तिथे दोन्ही बाजूंनी ड्रोनचा पाऊस पाडला. मग दोन्ही बाजूंनी रेडिओ लहरी जॅम करायला सुरुवात केली. चालवणारा आणि ड्रोन यांच्यातला दुवा तुटला की ड्रोन वाया जातो. यावर एक तोड निघाली ती मागे बारीक फायबरची तार सोडत जाणारे ड्रोन. दुसरी तोड अशी की शेवटच्या टप्प्यात दुवा तुटला तरी ड्रोनने लक्ष्य स्वतः धरून ठेवावे. आज 'शेवटचे काही मीटर' म्हणून दिलेली मुभा उद्या 'शेवटचे काही किलोमीटर' होते.

वेग हे दुसरे कारण. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात, ८ मेच्या रात्री, पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन सोडल्याचे भारताने सांगितले. एवढ्या झुंडीला तोंड देताना प्रत्येक ठिपक्यावर माणसाने विचार करायचा म्हटले तर उशीर झालाच. आपल्या हवाई संरक्षणाची सूत्रे एकत्र आणणारी 'आकाशतीर'सारखी स्वयंचलित यंत्रणा म्हणूनच हवी होती. बचावासाठी यंत्राचा वेग वापरणे समजण्यासारखे आहे. पण दोन्हीकडे यंत्रे असली आणि दोघेही यंत्राच्या वेगाने उत्तर देऊ लागले, तर चकमक थांबवायला फोन उचलायचा कुणी आणि कधी? अण्वस्त्रे असलेल्या दोन शेजाऱ्यांमध्ये हा प्रश्न जीवन-मरणाचा आहे.

स्वस्ताई हे तिसरे कारण. लढाऊ विमान बनवणे मोजक्या देशांना जमते. ड्रोन, कॅमेरा आणि चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर बाजारात मिळते. लिबियात २०२० मध्ये माघार घेणाऱ्या तुकड्यांवर तुर्कस्तानच्या कार्गू-२ ड्रोनचा वापर झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०२१ च्या अहवालात नोंदवले. त्या वेळी ड्रोन पूर्ण स्वायत्त होते का आणि त्यांच्यामुळे माणसे मेली का, हे अहवालातून स्पष्ट होत नाही. पण सरकार म्हणून धड उभ्याही नसलेल्या फौजांच्या हाती अशी शस्त्रे पोचतात, हे तिथे जगाला दिसले.

यंत्राला कोण दिसते

लक्ष्य ओळखणारे सॉफ्टवेअर लाखो छायाचित्रांवर शिकवले जाते. छायाचित्रे जिथली, तिथलेच जग त्याला कळते. मराठवाड्यात शेतीची वीज कित्येकदा रात्री येते. मग शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला विहिरीवर जातो. अंधारात उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला काय दिसते? निर्जन जागी चालणारा उबदार देह, हातात लांब वस्तू, अधूनमधून लुकलुकणारा उजेड. दिवसा पाठीवर फवारणीचा पंप आणि हातात नळी असलेला माणूस वरून कसा दिसत असेल, याचाही विचार करावा. सीमेवरच्या गावांतही असेच शेतकरी असतात. पंजाब आणि जम्मूतली शेते तर कुंपणाला लागून आहेत.

माणूस अशा वेळी आणखी एक गोष्ट ताडतो: समोरचा शरण येतोय का, जखमी आहे का, पोरगा आहे का. जिनिव्हा करारांचा गाभा हा फरक ओळखण्यातच आहे. हात वर करणे, पांढरे फडके दाखवणे, तोफ सोडून पळणे, या खुणा जागोजाग आणि क्षणोक्षणी बदलतात. त्यांचा अर्थ लावणे ही आकडेमोड नव्हे.

नागपूर आणि पुणे

हा विषय परदेशी वर्तमानपत्रांपुरता असता तर मराठीत त्याचा आढावा घेण्याची घाई नव्हती. पण भारतीय लष्कराचे पहिले स्वदेशी घिरट्या घालणारे अस्त्र, नागास्त्र-१, नागपूरच्या सोलर समूहातल्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज लिमिटेडने बनवले आहे. लष्कराने ४८० नगांची मागणी नोंदवली आणि जून २०२४ मध्ये पहिले १२० पोचते झाले. विजेवर उडणारे हे यंत्र एक जवान पाठीवर वाहू शकतो. स्फोटकाचे वजन सुमारे एक किलो, उड्डाण अर्ध्या तासाचे. माणूस चालवत असताना पल्ला १५ किलोमीटर. स्वयंचलित पद्धतीने तो ३० किलोमीटरपर्यंत जातो. लक्ष्य सापडले नाही किंवा मोहीम रद्द झाली तर पॅराशूटने खाली उतरवून ते पुन्हा वापरता येते. मार्च २०२५ मध्ये याच समूहाच्या चाचणी क्षेत्राचे आणि धावपट्टीचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले.

यात नागपूरकरांनी अभिमान बाळगण्यासारखे बरेच आहे. मोहीम रद्द करून यंत्र परत बोलावण्याची सोय ही तर जबाबदार रचनाच म्हणावी लागेल. पण १५ आणि ३० या दोन आकड्यांमधल्या अंतरात आपला सगळा प्रश्न मावतो. तिथे यंत्र ठरलेल्या जागेवर जाते की काय मारायचे हेही ठरवते? आज ते दिलेल्या जागेवर जाते, असे मानू. पुढच्या आवृत्तीत काय असेल, हे ठरवणारा नियम कुठे लिहिलेला आहे?

पुण्याकडे पाहिले की याच तंत्रज्ञानाची दुसरी बाजू दिसते. दिघीच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने 'दक्ष' नावाचा यंत्रमानव घडवला. तो बॉम्बजवळ जातो, उचलतो, निकामी करतो, आणि त्याला चालवणारा माणूस सुरक्षित अंतरावर असतो. जीव धोक्यात घालण्याचे काम यंत्राकडे आणि निर्णय माणसाकडे, ही विभागणी आपल्या शास्त्रज्ञांनी करून दाखवलेली आहे. म्हणजे यंत्राला विरोध हा मुद्दाच नाही.

कायदा कुठवर आला

जिनिव्हात पारंपरिक शस्त्रास्त्र कराराच्या छत्राखाली २०१४ पासून यावर बोलणी चालू आहेत. २०१७ मध्ये सरकारी तज्ज्ञांचा गट बसला, तेव्हा अध्यक्षपद भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल यांच्याकडे होते. २०१९ मध्ये अकरा मार्गदर्शक तत्त्वे मान्य झाली. शस्त्र वापरण्याची जबाबदारी माणसाचीच राहील, यंत्रावर ढकलता येणार नाही, हे त्यांतले एक. पण तत्त्वांना बंधन नाही, आणि या मंचावर सर्वांचे एकमत लागते. एकाने मान हलवली नाही की गाडी अडते.

त्यामुळे विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेला. डिसेंबर २०२३ च्या ठरावाच्या बाजूने १५२ देश होते आणि विरोधात चार. त्या चारांत रशियाच्या सोबत भारत होता. पुढच्या वर्षी १६६ देश बाजूने झाले. तेव्हा भारत तटस्थ राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये सोलच्या परिषदेत लष्करी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आराखडा मांडला गेला, त्यालाही भारताने मान्यता दिली नाही. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस आणि रेडक्रॉसच्या अध्यक्ष यांनी बंधनकारक करारासाठी २०२६ ची मुदत घातली आहे.

भारताची बाजू फेटाळून लावण्याजोगी नाही. चीन आणि पाकिस्तान शेजारी असताना एकतर्फी हात बांधून घेणे परवडत नाही. हेच तंत्रज्ञान शेतीत आणि रुग्णालयात लागते, त्यामुळे सरसकट बंदी अवघड. आणि जिनिव्हातल्या मंचावर लष्करी बळ असलेले देश बसतात. त्यांना वगळून केलेला करार कागदावरच राहील. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण खात्याने कृत्रिम बुद्धिमत्तेची विश्वासार्हता तपासण्यासाठी एक चौकट जाहीरही केली.

तरीही दोन दाखले या भूमिकेला तपासून पाहायला लावतात. डोळे कायमचे आंधळे करणाऱ्या लेसर शस्त्रांवर १९९५ मध्ये बंदी आली, तीही ती रणांगणात सर्रास येण्याआधी. भारत त्या कराराचा सदस्य आहे. रासायनिक शस्त्रांच्या करारात तर भारताने आपला साठा जाहीर केला, परदेशी निरीक्षकांना दारे उघडली आणि २००९ पर्यंत तो नष्ट केला. शेजारी तेव्हाही तेच होते. नियम मानल्याने देश दुबळा होतो, हे आपल्याच अनुभवाला धरून नाही.

मग मागायचे काय

सरसकट बंदीची मागणी टिकणार नाही. क्षेपणास्त्र अडवणारी यंत्रणा आणि माणूस शोधून मारणारे यंत्र यांना एका मापाने मोजताही येणार नाही. रेडक्रॉसने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा रास्त वाटते: ज्यांच्या वागण्याचा अंदाज बांधता येत नाही अशी स्वायत्त शस्त्रे नकोत, आणि माणसांना लक्ष्य करणारी तर मुळीच नकोत. उरलेल्यांना जागा, वेळ आणि लक्ष्याचा प्रकार यांचे कुंपण असावे.

त्यात भारताने आपल्या अनुभवातून आणखी एक कलम घालावे. प्रत्येक माऱ्यामागे एका अधिकाऱ्याचे नाव नोंदले गेले पाहिजे. त्याला नकार देण्याइतका वेळ आणि माहिती मिळाली होती, हेही नोंदले गेले पाहिजे. चूक झाली तर ती बडगामसारखी उघड मान्य केली पाहिजे. हे कलम पाळायला लष्कराची ताकद कमी करावी लागत नाही. त्याची शिस्त मात्र टिकते.

हे मागायचे कुणी? शस्त्रे बनवणारे राज्य म्हणून महाराष्ट्राचा यात पहिला हक्क आहे. नागपूर-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ड्रोन शिकवताना युद्धाचा कायदाही शिकवला जावा. आपल्या खासदारांनी संसदेत विचारावे की भारत २०२६ च्या कराराबाबत काय भूमिका घेणार आणि आपल्या शस्त्रांत निर्णय कोणाच्या हाती राहणार. जालन्याच्या वाचकानेही आपल्या लोकप्रतिनिधीला हा प्रश्न पत्राने विचारायला हरकत नाही. सैन्यात पोरे आपलीच जातात, सीमेवरचे शेतकरीही आपलेच आहेत. त्यांच्यावर सुटणाऱ्या गोळीला आणि त्यांच्या हातून सुटणाऱ्या गोळीलाही जाब देणारा माणूस असलाच पाहिजे.